रजेत मी पास केलेले टँकर

रजेवर जाण्याच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि समोरच्या खुर्चीवर बसायला सांगितलं. चार वर्षांत त्यांनी मला बसायला सांगण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यामुळे मी बसले तीच जरा सावध होऊन.

"मॅडम, आता सगळं विसरा आणि आराम करा," ते म्हणाले. "फक्त संपर्कात राहा."

"म्हणजे कसं, सर?"

"फोन चालू ठेवा. बाकी काही नाही."

नगरपासून अर्ध्या तासावर, मनमाड रस्त्याला एक खासगी दूध डेअरी आहे. तिथल्या प्रयोगशाळेत मी काम करते. गावोगावच्या संकलन केंद्रांवरून टँकर येतात. प्रत्येक टँकरमधून नमुना काढायचा, फॅट बघायचं, त्यात पाणी, युरिया, साखर, स्टार्च असलं काही घातलेलं नाही ना हे तपासायचं आणि सगळं ठीक असेल तर कॉम्प्युटरवर आपल्या लॉगिनमधून 'पास' अशी नोंद करायची. ती नोंद पडल्याशिवाय टँकर खाली होत नाही. थोडक्यात, संशय घेणं हेच माझं काम. दूध पांढरं दिसतंय म्हणून ते दूध आहे, असं मी धरून चालले तर माझा तिथे काही उपयोग नाही. ही सवय मग प्रयोगशाळेच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही. ती घरीही येते.

माझ्या जागी सहा महिन्यांपुरती एक मुलगी घेतली होती. पुणतांब्याची, नुकतीच बी.एस्सी. झालेली, नगरच्या सावेडीत एका खोलीत मैत्रिणीबरोबर राहणारी. दोन आठवडे मी तिला शिकवलं. ती सगळं वहीत लिहून घ्यायची. मी शिकवलेलं तर लिहायचीच, पण न शिकवलेलंही लिहायची. नळीतला रंग बघताना मी खिडकीकडे तोंड करून उभी राहते, हेसुद्धा तिने लिहिलेलं मी पाहिलं. पहिल्याच दिवशी तिने विचारलं होतं, "मॅडम, तुम्ही नक्की किती दिवसांनी येणार?" प्रश्न साधा होता. मला त्यातला 'नक्की' तेवढा ऐकू आला.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी नगर जिल्ह्यातल्याच अकोले तालुक्यात गेले. आमचं गाव तालुक्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या कुशीत. भातखाचरं, चाळीसेक घरं, आणि दिवसातून दोनदा येणारी एसटी. मोबाईलची रेंज गावात नाही. ती गावाच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर मिळते. ज्याला बोलायचं असेल तो टाकीवर जातो. तिथे उभं राहून कुणी काय बोललं ते खालच्या चार-पाच घरांना ऐकू येतं, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही.

माहेरी येऊन चार दिवस झाले होते. मी हळूहळू चढत टाकीवर गेले, आई मागे. फोन हातात धरला तोच वाजला. साहेब होते.

"मॅडम, एक जुना रिपोर्ट काढायचाय. तुमच्या लॉगिनमध्ये आहे. पासवर्ड सांगता का?"

पासवर्ड कुणाला द्यायचा नाही, हा नियम साहेबांनीच आम्हाला लावलेला. पण जुना रिपोर्ट म्हणजे काय, मिनिटाचं काम, असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, चार दिवसांत डेअरीला माझी गरज पडली याचा मला आनंदही झाला होता. मी पासवर्ड सांगितला. आवाज तुटत होता म्हणून तीनदा सांगितला, एकेक अक्षर सुटं करून, ओरडून. खालच्या अंगणात भात झोडणाऱ्या बायका हात थांबवून वर बघायला लागल्या.

उतरताना आई म्हणाली, "कसला मंतर म्हनत हुतीस?"

"ऑफिसचं कुलूप उघडायचा," मी म्हणाले.

"मंग किल्ली दिऊन टाकलीस व्हय?"

मी हसले. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

संगमनेरच्या दवाखान्यात मुलगी झाली. पाचव्या दिवशी आम्ही गावी परतलो आणि सव्वा महिना मी खोलीबाहेर पडायचं नाही असं ठरलं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं. शेगडी, ओव्याची धुरी, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, खिडकीला गोणपाट. तेव्हा फोनचं काय करायचं हा प्रश्न आला, आणि तो वडिलांनी सोडवला. रोज सकाळी आणि दिवस कलताना ते माझा फोन रुमालात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घालायचे आणि टाकीवर जायचे. घटकाभर तिथे बसायचे. तेवढ्यात आलेले मेसेज फोनमध्ये उतरायचे, मी लिहून ठेवलेले निघून जायचे. मग ते परत आणून माझ्या उशाशी ठेवायचे. वडिलांना मी आबा म्हणते. फोन उचलता येतो आणि ठेवता येतो, यापलीकडे त्यांना त्यातलं काही कळत नाही.

असं बारा-बारा तासांनी बोलणं म्हणजे विचित्र प्रकार असतो. सकाळी विचारलेलं संध्याकाळी कळतं, संध्याकाळचं उत्तर दुसऱ्या सकाळी जातं. मधल्या वेळात डोकं काम करत राहतं. त्यातून बाळंतिणीला झोप नाही आणि हाताला काम नाही.

बाळ आठ दिवसांचं झालं असेल. आबांनी फोन आणून दिला. त्यात साहेबांचा मेसेज होता, फुलांचं चित्र, 'कन्यारत्नाबद्दल हार्दिक अभिनंदन, भरपूर विश्रांती घ्या.' आणि त्याच्या अर्धा तास आधीची नोंद होती की प्रयोगशाळेच्या ग्रुपमधून मला काढलेलं आहे. काढणारेही साहेबच. मी दोन्ही वेळा पुन्हा पुन्हा पाहिल्या. आधी काढलं, मग अभिनंदन केलं. विश्रांती मिळावी म्हणून काढलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ते मला पटलं नाही.

पुणतांब्याची मुलगी मात्र रोज लिहायची. अमुक रसायनाची बाटली कुठे, मशीन पुसायचं फडकं कुठलं, आम्लता वाढलेली दिसली तर पुन्हा नमुना घ्यायचा का. सुरुवातीला मी आवडीने उत्तरं द्यायचे. मग माझ्या लक्षात आलं की मी हिला सगळं सांगून टाकते आहे. वहीत नव्हतं तेही आता तिच्याकडे जमा होतंय. माझ्यापाशी राहिलं काय? त्यानंतर मी उत्तरं तोडकी द्यायला लागले. 'कपाटात बघ.' 'हो.' 'चालेल.' याची आज लाज वाटते. तेव्हा ते शहाणपण वाटत होतं.

स्टार्च असेल तर नळीत निळा रंग येतो. एकदा तिने लिहिलं, 'मॅडम, स्टार्चच्या टेस्टला फिकट निळसर दिसतंय. टँकर थांबवू का?' मेसेज सकाळचा होता, माझ्या हातात दिवस मावळताना आला. मी घाईघाईने लिहिलं, 'थांबव, नळी धुऊन पुन्हा कर,' आणि आबांना पुन्हा टाकीवर पिटाळलं. ते परत आले तेव्हा फोनमध्ये तिचं उत्तर होतं, 'झालं मॅडम, साहेबांनी बघितलं.'

काय बघितलं? टँकर परत गेला की खाली झाला? ते तिने लिहिलंच नव्हतं. मी विचारलं तर दुसऱ्या दिवशी आलं, 'सगळं ओके आहे.' निळं दिसलेलं दूध ओके कसं झालं, याचा विचार करत मी दोन दिवस काढले. बाळाला पाजताना माझं लक्ष नाही हे आईला कळत होतं.

"तिकडचं दूध नासू दे न्हाईतर फुटू दे," ती म्हणाली. "तू हिकडचं बघ."

बाळ पाच आठवड्यांचं झालं तेव्हा तो फोटो आला. फॅट सोडून जे घन घटक असतात त्याचा एक आकडा नेहमीपेक्षा कमी दिसतोय, तो चालेल का, असं विचारून त्या मुलीने कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढून पाठवला होता. आकडा चालण्यासारखा होता. तसं लिहायला लागले आणि सहज फोटो मोठा करून पाहिला. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात तपासणी करणाऱ्याचं नाव असतं, त्याखाली पास करणाऱ्याचं. दोन्हीकडे माझं नाव होतं. तारीख आदल्या दिवशीची. वेळ सकाळी साडेदहाची.

साडेदहाला आई बाळाला तेल लावत होती आणि मी बाळाचं डोकं धरून बसले होते. त्याच मिनिटाला तिकडे मी एक टँकर पास केला होता.

म्हणजे माझा पासवर्ड जुना रिपोर्ट काढण्यासाठी नव्हता. रजेच्या पहिल्या आठवड्यापासून जे जे दूध त्या दारातून आत गेलं, ते सगळं माझ्या नावावर गेलं होतं. निळसर दिसलेलं ते दूधही. उद्या अन्न-औषधवाल्यांनी कुठल्या पिशवीत काही पकडलं तर कागद काढतील, आणि कागदावर मी असेन. मी रजेवर होते हे मला सिद्ध करावं लागेल, त्यांना नाही.

आणि हे कोण करतंय? साहेब, की ती मुलगी? तिला हे दिसत असणारच. रोज ती त्याच पडद्यासमोर बसते. रोज मला 'मॅडम, मॅडम' करत लिहिते, बाळाचे फोटो मागते, आणि माझं नाव घालून टँकर सोडते.

रविवारी सावेडीतल्या आमच्या घरून नवरा आला. मी त्याला फोटो दाखवला. तो आधी म्हणाला, "अगं, सोय म्हणून केलं असेल. तू उगाच मनाला लावून घेतेस." मग त्याने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला. तो म्हणाला, "पासवर्ड बदलून टाक."

"तो डेअरीच्याच कॉम्प्युटरवरून बदलता येतो."

"मग लिहून कळव. तोंडी नको."

त्या दुपारी बाळ झोपलेलं असताना मी पत्र लिहिलं. चार वेळा लिहिलं. पहिल्या खेपेला फार चिडून लिहिलं गेलं, दुसऱ्या खेपेला फार नरम. शेवटी सरळ लिहिलं, की मी अमुक तारखेपासून बाळंतपणाच्या रजेवर आहे, त्या दिवसापासून मी एकही नमुना तपासलेला नाही, माझ्या नावाने ज्या नोंदी झाल्या असतील त्या माझ्या नाहीत, आणि त्या कुणी केल्या ते मला लेखी कळवावं. एक प्रत मुख्य कार्यालयाला. नवऱ्याने ते सोमवारी अकोल्याच्या पोस्टातून रजिस्टर पोचपावतीने टाकलं आणि तिथूनच नगरची गाडी धरली.

त्यानंतर पाच दिवस काहीच आलं नाही. त्या मुलीचेही मेसेज थांबले. आबा दोनदा टाकीवर जायचे आणि फोन आणून ठेवायचे. मी विचारायचे, "काही आलं?" ते म्हणायचे, "बघ तूच." मला त्या शांततेची जास्त भीती वाटली. तिकडे सगळे एकत्र बसून काहीतरी ठरवताहेत असं डोळ्यांसमोर येत राहायचं.

सहाव्या दिवशी दुपारी अंगणात जीप थांबली. साहेब स्वतः आले होते. नगरहून आमच्या गावापर्यंत यायला चार तास लागतात, शेवटचा घाट तर खड्ड्यांचाच आहे. हातात पेढ्यांचा बॉक्स आणि झबलं-टोपडं. ड्रायव्हर गाडीपाशीच थांबला. आबांनी पडवीत खुर्ची टाकली, आईने पाणी दिलं. सव्वा महिना नुकताच झाला होता, म्हणून मी बाहेर येऊन भिंतीला टेकून बसले.

साहेबांनी डोंगराचं कौतुक केलं, हवेचं केलं, इंद्रायणी तांदूळ कसा होतो ते विचारलं. मग म्हणाले, "मॅडम, तुमचं पत्र मिळालं. एक फोन केला असतात तरी चाललं असतं."

"इथे रेंज नाही, सर."

"नाही कशी? तुमच्या वडिलांशी माझं बोलणं झालंय की."

मी आबांकडे पाहिलं. ते उंबऱ्याकडे बघत होते.

"कधी?" मी विचारलं.

"बाळ झालं त्याच आठवड्यात. मी विचारलं, मॅडम परत रुजू होणार ना? ते म्हणाले, बघू." साहेबांनी दोन्ही हात पसरले. "आता 'बघू' म्हटल्यावर मी काय समजायचं? तुम्ही सोडणार असं धरूनच मी पुढचं बघायला लागलो. त्या मुलीला लॉगिन मागितलं तर मुख्य कार्यालय म्हणतं, तात्पुरत्या माणसाला लॉगिन नाही, जागा रिकामी झाली की देऊ. तुम्ही राजीनामा देत नाही, तिला लॉगिन मिळत नाही. आणि टँकर तर दारात उभे. दूध थांबत नाही मॅडम."

हे सगळं खरं असू शकत होतं. मला तेच आवडलं नाही. त्यांनी खोटं बोलावं अशी माझी तयारी झालेली होती.

"पण पासवर्ड तुम्ही त्याच्या आधीच घेतला होता," मी म्हणाले. "बाळ व्हायच्या आधी. जुना रिपोर्ट काढायला म्हणून."

"रिपोर्टही काढलाच तेव्हा," ते म्हणाले, आणि बॅगेतून एक कागद काढला. "हे एवढं करून टाका, म्हणजे तुम्हालाही त्रास नाही आणि मलाही नाही."

कागदावर टाइप केलं होतं, की मी माझ्या राजीखुशीने रजेच्या काळात माझं लॉगिन वापरायची परवानगी देत आहे. खाली माझं नाव, सहीसाठी रेघ, आणि तारीख. तारीख माझ्या रजेच्या पहिल्या दिवसाची होती.

"तारीख आजची घालते," मी म्हणाले.

"आजची घालून काय उपयोग? मग मागच्या आठ आठवड्यांचं कोण म्हणायचं?"

"तेच मी पत्रात विचारलंय, सर."

तेवढ्यात बाळ रडायला लागलं. मी कागद खुर्चीवर ठेवून आत गेले. पाजत बसले, पण सगळा जीव कानात. बाहेर साहेबांचा आवाज एकदम खाली गेला. आबाही हळूच काहीतरी बोलत होते. मला एकही शब्द लागेना. ज्या माणसाने त्यांचा फोन आल्याचं माझ्यापासून लपवलं, तो माणूस आता माझ्या मागे त्यांच्याशी काय ठरवतोय, असं माझ्या मनात आलं. स्वतःच्या वडिलांबद्दल असं मनात येईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मी बाळाला घेऊन बाहेर आले तेव्हा आबा उभे होते. कागद त्यांच्या हातात होता. त्यांनी तो घडी करून साहेबांपुढे धरला.

"ह्यो घिऊन जावा, सायेब. पोरगी सही करायची न्हाई."

साहेब माझ्याकडे वळले. मी मान हलवली. ते उठले, आईने आणलेला चहा त्यांनी उभ्यानेच अर्धा घेतला, "विचार करा" म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

जीप वळणाआड गेल्यावर आईने पेढ्यांचा बॉक्स उचलला. "यवड्या लांबून लेकरासाठी झबलं आनलं," ती म्हणाली, "आन् लेकराकडं येकदाबी बघितलं न्हाई. मी कवाची ध्यान ठिवून हुते."

संध्याकाळी आबा नेहमीप्रमाणे फोन मागायला आले. मी दिला नाही.

"'बघू' का म्हणालात, आबा?"

ते शेगडीपाशी उकिडवे बसले. "तवा तुला ताप हुता. त्यो माणूस ईचारतोय म्हंजी त्याला घाई हाय, आसं मला वाटलं. घाईच्या मानसाला पक्कं सांगू ने. बघू म्हंजी आमच्याकडं व्हय बी न्हाई आन् न्हाई बी न्हाई."

"मग मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी राखेत काडीने रेघा मारल्या. "तू रोज ईचारायचीस, काय आलं का. मेसेज आल्यात म्हनायचो. फोन आल्ता ते न्हाई म्हनलो." मग म्हणाले, "खरं सांगू का. मलाबी वाटत हुतं तू जाऊ ने. तुमी दोघं कामाला, आन् हे लेकरू त्या फ्लॅटात कुनाच्या जिवावर? त्यानं ईचारलं आन् माज्या तोंडातून बघू निघालं. मुद्दाम म्हनलो का न्हाई, ते आता माजं मलाच सांगता यायचं न्हाई."

मी त्यांना फोन दिला. रुमालात गुंडाळून ते टाकीवर गेले.

चार दिवसांनी त्या मुलीचा मेसेज आला. 'मॅडम, मला माझं लॉगिन मिळालं.' बस, एवढाच. मुख्य कार्यालयातूनही एक पत्र आलं, दोन ओळींचं. माझ्या रजेच्या काळातल्या नोंदी प्रयोगशाळेने तात्पुरत्या व्यवस्थेत केल्या असून त्याची जबाबदारी प्लांटच्या व्यवस्थापकांची, म्हणजे साहेबांची, राहील. मी ते पत्र बाळाच्या दवाखान्याच्या फाइलमध्ये, लसीकरणाच्या कार्डामागे लावून ठेवलं. ग्रुपमध्ये मला कुणी परत घेतलं नाही.

बाळ पाच महिन्यांचं झालं तेव्हा मी रुजू झाले. लेकराला कोण बघणार, ही आबांची काळजी मी आईवर ढकलली. ती चार महिने आमच्याबरोबर सावेडीत राहायला आली, आणि लिफ्टवर तिचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. पोरीला कडेवर घेऊन ती तीन मजले चढायची.

पहिल्या दिवशी साहेब तोंडभरून हसले, बाळ कसं आहे विचारलं आणि माझ्याकडे नमुन्यांऐवजी जुन्या नोंदी लावायचं काम दिलं. त्या मुलीला त्यांनी आणखी एक वर्षासाठी ठेवून घेतलं होतं. मला हे अपेक्षितच होतं. पण जुन्या नोंदी माझ्या हातात दिल्या, ही त्यांची चूक झाली असं मला वाटलं. रोज डब्याच्या सुट्टीत मी ते आठ आठवडे काढून बसायचे. एकेक टँकर, एकेक आकडा. कॉम्प्युटरवरचं आणि कागदी रजिस्टरमधलं ताडून बघायचं. कुठेतरी खोट असणारच, याची मला खात्री होती.

निळसर दुधाचा दिवस मी सगळ्यात आधी काढला होता. रजिस्टरमध्ये त्या मुलीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'नळी नीट धुतलेली नव्हती. दुसऱ्या नळीत दोनदा तपासलं, स्टार्च नाही.' मी सांगितलं असतं तेच तिने माझं उत्तर यायच्या आधी केलं होतं. तो नमुना कधीच फेकला गेलेला, त्यामुळे मला स्वतःला बघता येणार नव्हतं. विश्वास ठेवायचा तर त्या एका ओळीवर. बाकीच्या दिवसांतही काही सापडलं नाही. दोन टँकर तर तिने परत पाठवले होते, आणि त्या केंद्रांना मीही सवलत दिली नसती. दूध चांगलं होतं. माझ्या नावाने चांगलंच दूध गेलं होतं.

हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं. मला झालं दुःख. म्हणजे मी चुकले होते का? नाही, नाव माझं वापरलं गेलं होतं, त्याला मुख्य कार्यालयाचं पत्र साक्षीला होतं. पण मनात मी जे त्याच्यावर रचत गेले होते, त्याला खाली काही नव्हतं.

शेवटी मी तिला विचारलंच. टँकर धुवायला नेले होते, आम्ही बाहेर कट्ट्यावर चहा घेत होतो.

"तो फोटो तू मुद्दाम पाठवलास का? माझं नाव मला दिसावं म्हणून?"

माझ्या मनात तोवर हीसुद्धा एक शक्यता तयार झाली होती. ती आपल्या बाजूने असेल, तिने गुपचूप सावध केलं असेल.

ती गोंधळली. "नाही मॅडम. मला तेव्हा ते लक्षातही आलं नाही." मग कप खाली ठेवून म्हणाली, "खरं सांगू? राग मानू नका. साहेबांनी पहिल्याच आठवड्यात तुमचं लॉगिन उघडून दिलं होतं. मला त्याचं बरंच वाटायचं. मी नवीन, एकटी. वाटायचं, काही चुकलं तरी वर नाव मॅडमचं आहे. कुणी मला धरणार नाही. तुमचं पत्र आलं आणि माझं लॉगिन झालं, तेव्हा पहिला टँकर पास करायच्या आधी मी सगळ्या टेस्ट तीनदा केल्या."

"आणि मला रोज विचारायचीस ते?"

"तुमचं नाव होतं ना मॅडम. ते खराब व्हायला नको असं वाटायचं."

मी दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले आणि मला नमुन्यांवर परत घ्या म्हणून लेखी अर्ज दिला. त्यांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, मागची बाजूही बघितली. आता तेही माझा प्रत्येक कागद असाच बघायचे. पुढच्या सोमवारपासून त्यांनी मला सकाळची पाळी दिली.

त्या मुलीला नंतर कायम केलं. ती सकाळचे रिपोर्ट दुपारी माझ्याकडून घेते, माझ्या नळ्या नीट धुतल्यात की नाही ते बघते आणि मग सही करते. मला आधी ते झोंबायचं. आता मीही तिच्या नळ्या बघते. माझी मुलगी सावेडीच्याच बालवाडीत जाते. साहेबांची गेल्या उन्हाळ्यात दुसऱ्या प्लांटला बदली झाली. निरोपाला मी हात जोडले, त्यांनीही तसेच हात जोडून नमस्कार परत केला. त्यांच्या जागी आलेले साहेब फार बोलत नाहीत, वेळेवर येतात, सगळ्यांना बसायला सांगतात. त्यांच्याबद्दल माझं अजून काही मत झालेलं नाही.